दिवाणातला आहेर

“आजपासून या खोलीचे मालक तुम्ही,” आई म्हणाली आणि तिनं बाजारातून आणलेले तीन प्लॅस्टिकचे टब खोलीच्या मधोमध ठेवले. एक हिरवा, एक पिवळा, एक लाल.

“आजपर्यंत कोण होतं?” खोक्यातून आवाज आला.

खोक्यात माझा भाऊ ओजस होता. तो सात वर्षांचा होता आणि मे महिन्यात घरी नवा फ्रीज आल्यापासून त्या फ्रीजच्या खोक्यात राहत होता. शाळा, जेवण आणि आंघोळ एवढ्यापुरताच बाहेर यायचा, आणि आंघोळीला तर ओढून काढल्यावरच. खोका आडवा टाकलेला होता. एका बाजूला पप्पांनी सुरीनं खिडकी कापून दिली होती. आत कुणालाही यायची परवानगी नव्हती, मलासुद्धा.

आईनं प्रश्न ऐकला नाही असं दाखवलं आणि ती गोड हसली. शिबिरात तिला तसं शिकवलं होतं. मुलांच्या खोचक प्रश्नाला हसून उत्तर द्यायचं, आणि उत्तर नसेल तर नुसतं हसायचं.

शिबिर आमच्या वसुंधरा अपार्टमेंटच्या महिला मंडळानं भरवलं होतं. सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये. विषय होता ‘सुबक बालदालन’. शिकवायला ललिताताई नावाच्या बाई पुण्याहून आल्या होत्या. त्या पुण्याहून आल्या होत्या म्हणजे त्यांचं बरोबरच असणार, हे मंडळानं आधीच ठरवलं होतं. मुलांची खोली मुलांना सोबत घेऊन आवरायची, त्यातून मुलं जबाबदार होतात, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या दिवशी त्यांनी स्पर्धा जाहीर केली. रविवारी सकाळी त्या घरोघर फिरून मुलांच्या खोल्या बघणार होत्या आणि सगळ्यांत सुबक खोलीला बक्षीस देणार होत्या. बक्षिसाची व्यवस्था मंडळाच्या अध्यक्ष आवटी काकूंकडे होती. आवटी काकू आमच्या समोरच्या दारात राहायच्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि त्याचा कंपासपेटीतला खोडरबरसुद्धा पांढरा असायचा. आमच्या आईला बक्षीस का हवं होतं, हे एवढ्यावरून कळावं.

ललिताताईंचे नियम आईनं कार्डपेपरवर लिहून आमच्या दारावर चिकटवले होते. मुलांच्या खोलीत फक्त मुलांचं. वर्षभर हात लागला नाही ते बाहेर. दुसऱ्याकडून आलेलं आणि न वापरलेलं असेल तर ज्याचं त्याला परत, हसतमुखानं. आणि सगळ्यांत खाली लाल स्केचपेननं, निर्णय मुलांचा, आईनं मध्ये बोलायचं नाही.

“हिरव्या टबात राहील ते, पिवळ्यात देऊ ते, लालमध्ये टाकू ते,” आई म्हणाली. “मी फक्त विचारणार. ठरवणार तुम्ही.” तिनं कपाटातून एक गाडी उचलली. “ही?”

“राहील,” खोका म्हणाला.

“हिला चाकं नाहीत, बाळा.”

“म्हणून तर ती कुठं जात नाही.”

“लाल टब,” आई म्हणाली आणि गाडी टाकली. अशा रीतीनं पहिला निर्णय मुलांनी घेतला.

मग माझी पाळी आली. माझ्याकडे बुटांचा एक डबा होता, त्यात लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून ठेवलेले होते. नाचणारे, बसलेले, नुसत्या रेघांचे, सोनेरी, मखमली. आमच्या नात्यात कुणाचंही लग्न ठरलं की मी आधी पत्रिकेची वाट बघायची.

“हे कशाला गं साठवलंस?” आई म्हणाली. “कधी बघतेस तरी का?”

“वर्षभर हात नाही लावला,” मी म्हणाले. “नियमानं लाल टब. टाकू?”

मी एक मोठा मखमली गणपती टबावर धरला. आई इतक्या जोरात पुढं आली की तिचा पाय पिवळ्या टबात गेला.

“खुळी आहेस का? गणपती कचऱ्यात टाकतात?”

डबा हिरव्या टबात गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, पण नियम कसे वापरायचे असतात ते मला तिथंच कळलं.

शेवटी आई खोक्यासमोर उभी राहिली. “आणि हा खोका,” ती आवाजात मध ओतून म्हणाली, “याचं काय करू या?”

“राहील.”

“ओजस, उद्या ललिताताई येणार. खोलीच्या मधोमध असलं धूड बघून त्या काय म्हणतील?”

“निर्णय मुलांचा.”

“निर्णय तुमचाच आहे. पण योग्य निर्णय घ्यायचा.”

खोक्याच्या खिडकीत ओजसचा चेहरा आला. तो रडत नव्हता. तो रडायला लागला की आई विरघळायची, पण त्याला ते कधी कळलं नाही. त्याच्या ओठांची नुसती एक बारीक रेघ व्हायची. ती रेघ मला बघवायची नाही. “माझं या घरात हेच आहे,” तो म्हणाला.

आणि खरं होतं ते. त्या खोलीला घरात ‘मुलांची खोली’ म्हणायचे, कारण आम्ही तिथं झोपायचो. बाकी तिच्यात आईचं शिलाई मशीन होतं. पप्पांची व्यायामाची सायकल होती, जिच्यावर बसून पप्पांनी आयुष्यात एकदाच पायडल मारलं होतं आणि तेव्हापासून तिच्यावर ओले टॉवेल वाळायचे. वर्षाच्या गव्हाची पत्र्याची कोठी होती. गणपतीचं थर्माकोलचं मखर, पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचा आकाशकंदील, बंद पडलेला मिक्सर, सगळे आमच्याच खोलीत राहायचे. आम्हा दोघांना मिळून कपाटाचा एक कप्पा होता, त्यातही खालच्या बाजूला आईच्या पैठणीचा डबा.

“बरं,” आई म्हणाली. “घडी घालून कुठं नजरेआड बसत असेल तर राहू दे. नाहीतर उद्या सकाळी भंगारवाल्याला. मी त्याला दहा वाजता यायला सांगितलंय.”

“दिवाणात बसेल की,” मी म्हणाले.

“दिवाण भरलाय.”

“रिकामा केला तर?”

तेवढ्यात खालून हाक आली. मंडळाच्या बायका हॉलमध्ये जमल्या होत्या आणि बॅनर उलटा लागला होता. आई पदर खोचत निघाली. दारातून तिनं मागं वळून सांगितलं, “काय करायचं ते करा बाई. मालक तुम्ही.”

आता दिवाणाबद्दल सांगायला हवं. वर आमची गादी आणि आत माणूस झोपेल एवढी पेटी, असा तो दिवाण होता. पेटीत आमच्या घराचा आहेर असायचा. बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला आलेलं जे काही वापरायचं नसेल ते आई वेष्टनासकट तिथं ठेवायची आणि पुढच्या कुणाच्या बारशाला, मुंजीला, वास्तुशांतीला तिथूनच काढून द्यायची. दिलेलं त्याच माणसाकडे परत जायला नको, म्हणून प्रत्येक पुड्याला ज्यानं दिला त्याच्या नावाची चिठ्ठी टाचणीनं लावलेली असायची. माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहायची. त्यामुळे कुणाची चादर कुणाच्या सुनेला गेली, कुणाचा थर्मास कुठल्या नातवापर्यंत पोचला, हे मला पाढ्यांपेक्षा नीट पाठ होतं. भांड्यावर नाव घालून देणाऱ्यांवर आईचा फार राग होता. ‘सप्रेम भेट’ असं कोरलेलं पातेलं पुढं सरकवता येत नाही, ते नाइलाजानं वापरावंच लागतं.

तेव्हा कुणी असं म्हणू नये की मुलांना काही कळलं नव्हतं. मला सगळं कळत होतं. मी दाराजवळ जाऊन नियम पुन्हा वाचले आणि पप्पांना हाक मारली.

पप्पा बाहेर पेपर वाचत होते. “पप्पा, तिसरा नियम वाचा की.”

त्यांनी चष्मा वर करून वाचला. “दुसऱ्याकडून आलेलं, न वापरलेलं, ज्याचं त्याला परत. बरोबर आहे की.”

“मग दिवाणातलं ज्याचं त्याला देऊन येऊ?”

“आईला विचारलंस?”

“ती म्हणाली, मालक तुम्ही.”

“बरं झालं,” पप्पा म्हणाले. “मला वाटलं मीच आहे.” आणि त्यांनी पान उलटलं. पप्पांचा घरातल्या कारभारात एवढाच वाटा असायचा.

आम्ही दिवाण उघडला. डांबरगोळ्यांचा वास आला. ओजसनं प्रत्येक पुडा हातात घ्यायचा आणि विचारायचं, “हे आपलं का?” मी चिठ्ठी वाचायची आणि म्हणायची, “नाही.” मग तो पुडा पिवळ्या टबात. टब भरला की दोघांनी दोन बाजूंनी धरून जिन्यात.

पहिली बेल आवटी काकूंची. त्यांनी दार उघडलं. मागं त्यांची खोली आवरायचं काम चाललेलं दिसत होतं; त्यांचा मुलगा पांढऱ्या खोडरबराला कपड्यानं पुसत होता.

“काकू, हे तुमचं,” मी म्हणाले.

“माझ्या बारशाचं,” ओजस म्हणाला. तो नियमाप्रमाणे इतका हसत होता की त्याच्या पडलेल्या दातांची खिंड दिसत होती. “आणि हे ताईच्या वाढदिवसाचं. आणि हे आमच्या वास्तुशांतीचं. आम्ही उघडलं नाही. नवंच आहे.”

आवटी काकूंनी पुड्यांकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं. “आईनं पाठवलंय?”

“नाही. आईनं मध्ये बोलायचं नाही असा नियम आहे,” ओजस म्हणाला.

दार लागलं. जोरात नाही, पण अगदी पूर्ण.

वरच्या मजल्यावर बेडकिहाळे काकूंनी तर दारातच पुडा फाडला. त्यांना आपण काय दिलं होतं ते आठवत नव्हतं. आतून लेमन सेट निघाला, आणि जगच्या पोटातून एक छोटं कार्ड. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. “सौ. शैलजा मगदूम यांजकडून.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, हा तुमचाच आहे की! मला तर तळमजल्यावरच्यांनी दिलावता.”

म्हणजे आईनं तो कधीतरी कुणाला दिला होता, तो सगळी इमारत फिरून आमच्याच दिवाणात येऊन झोपला होता, आणि वाटेत कुणीही त्यातून एक घोट सरबत प्यायलं नव्हतं.

“मग ज्याचं त्याला,” ओजस म्हणाला आणि त्यानं सेट परत टबात ठेवला. आमच्याकडे परत आलेली तेवढी एकच वस्तू.

दुपार उतरेपर्यंत दिवाण रिकामा झाला. आम्ही खोक्याची घडी घातली, तो आत सरकवला, आणि तो नेमका बसला. ओजस त्याच्यावर आडवा झाला आणि म्हणाला, “ताई, या खोलीत केवढी हवा आहे गं.” मला त्या दिवशी जो आनंद झाला तो पुढं दहावीच्या निकालालाही झाला नाही.

आई वर आली ती जरा गोंधळलेलीच. “आवटी वहिनी जिन्यात भेटल्या, पण बोलल्या नाहीत,” ती पप्पांना सांगत होती. “बॅनर मी सरळ केला म्हणून राग आला की काय...” मग तिला उघडा दिवाण दिसला. तिनं आत वाकून पाहिलं. खोका पाहिला.

“आहेर कुठाय?”

“ज्याचा त्याला,” आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

आई गव्हाच्या कोठीवर बसली. पत्रा कडकन वाजला. “सगळा?”

“लेमन सेट आपलाच निघाला. तो आहे.”

“अगं कार्टे,” आई म्हणाली, आणि शिबिराचा सगळा मध तिच्या आवाजातून उतरला. “आहेर परत करणं म्हणजे काय असतं माहीत आहे? तुमचा आमचा संबंध संपला असं सांगणं असतं! आणि तोही न उघडता! चिठ्ठीसकट!”

“मग चिठ्ठ्या तूच लिहायला—” मी म्हणायला गेले आणि बेल वाजली.

दारात आवटी काकू होत्या. हनुवटीपर्यंत पुडे धरलेले. त्यांनी ते उंबऱ्याच्या आत ठेवले. “मगदूम वहिनी, तुमचं आमच्याकडं काही राहायला नको.” त्या वळल्या आणि गेल्या. प्रत्येक पुड्याला टाचणीनं चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मगदूम’. अक्षर त्यांच्या मुलाचं, गोल आणि सुबक.

त्यांच्यामागून बेडकिहाळे काकू आल्या, तळमजल्यावरच्या आल्या, जिना उतरणाऱ्यांच्या चपलांचा आवाज थांबेचना. प्रत्येक घरात एक दिवाण होता आणि प्रत्येक दिवाणात आम्ही होतो. संध्याकाळपर्यंत जेवढं गेलं होतं त्याहून जास्त परत आलं. एकही पुडा फोडलेला नव्हता. पप्पांनी पेपर खाली ठेवला आणि पुडे दिवाणात रचायला लागले, आणि अर्थातच आधी खोका बाहेर काढावा लागला.

“हा उद्या जाणार,” आई म्हणाली. “आता एक शब्द नको.”

ओजसच्या ओठांची रेघ झाली. त्यानं खोका उभारला, आडवा केला, आणि आत जाऊन बसला. जेवायलाही आला नाही. ताट खिडकीतून द्यावं लागलं.

आई पुडे लावत होती. एक सपाट पुडा तिच्या हातात आला तेव्हा ती थांबली. वेष्टन तिनं स्वतः निवडलं होतं, मोरपिशी. ती ते हळूच सोडवायला लागली. आत क्रोशाचा टेबलक्लॉथ होता, पांढरा. आवटी काकूंच्या मुलीच्या लग्नात तिनं दिला होता. दिवाणातला काढून नव्हता दिला, स्वतः विणला होता. उन्हाळाभर दुपारची झोप सोडून ती त्या कापडावर वाकलेली मला आठवत होती. मी तिच्यासाठी दोऱ्याचे गुंडे धरायची. कोपऱ्यावर वधूवरांच्या नावांची अक्षरंही विणली होती.

“उघडलापण नाही,” ती म्हणाली.

ती आमच्याशी बोलत नव्हती. तिनं टेबलक्लॉथ मांडीवर पसरला आणि बराच वेळ त्याच्यावरून नुसता हात फिरवत राहिली. मला तिचा राग आला होता, तो तसाच होता, पण आता त्याला बसायला जागा राहिली नव्हती.

रविवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला वाट नव्हती. दिवाणाचं झाकण लागत नव्हतं. कोठीवर पुडे, सायकलवर पुडे, मखरात गणपतीच्या जागी थर्मास. खालून भंगारवाल्याची आरोळी आली.

“ओजस, बाहेर ये,” आई म्हणाली. तिचे केस मोकळे होते, डोळे सुजलेले. क्रोशाचा तो टेबलक्लॉथ अजून तिच्या खांद्यावर होता, पंच्यासारखा.

खोक्यातून आवाज नाही.

“ये म्हणते ना. लोक येतील आता.”

आवाज नाही. मग आई गुडघ्यावर बसली आणि त्याला ओढून काढायला रांगत आत गेली. मी वाट पाहत होते की आता ओजसचा पाय दिसेल, मग चड्डी, मग बाकीचा. काहीच दिसलं नाही. आईही बाहेर आली नाही.

मी खिडकीतून डोकावले. आत जायची परवानगी नव्हती, डोकवायची नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. खोक्याच्या भिंतींवर ओजसनं आमचीच खोली काढली होती, पण तिच्यात मशीन नव्हतं, सायकल नव्हती, कोठी नव्हती. नुसती खिडकी, पंखा आणि भिंतीला टेकून चार चौकोनी उशा. प्रत्येक उशीखाली नाव लिहिलं होतं. ओजस, ताई, पप्पा. चौथी सगळ्यांत मोठी होती, तिच्यावर फुलं काढली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘आई. दुपारची झोप.’

आई त्या चौकोनाला पाठ टेकून बसली होती. ओजस स्वतःच्या. मध्ये टेबलक्लॉथ.

“तू कधी आलीच नाहीस,” ओजस म्हणाला.

“बोलावलं नाहीस की रे.”

“तू सारखी म्हणायचीस, टाकून दे. टाकायच्या घरात कुणी बोलावतं का?”

या वेळी आई हसली नाही.

बेल वाजली. पप्पांनी दार उघडलं आणि ललिताताई आत आल्या. गळ्यात शिट्टी, हातात वही, चेहऱ्यावर ते शिकवलेलं हसू. मागं आवटी काकू, त्यांच्या मागं अर्धं मंडळ. ललिताताई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांचं हसू थोडं तिरकं झालं.

“आईसाहेब कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

पप्पा म्हणाले, “आहेत. घरातच आहेत,” आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

ओजस खोक्यातून बाहेर आला आणि दोन्ही हात मागं बांधून खोक्यासमोर उभा राहिला, शाळेत तपासणीला उभं राहतात तसा.

“बाळ, पहिला नियम काय आपला?” ललिताताईंनी विचारलं.

“मुलांच्या खोलीत फक्त मुलांचं.”

“शाब्बास! मग ही सायकल कुणाची?”

“पप्पांची. पण ते तिच्यावर बसत नाहीत. टॉवेल बसतो.”

“आणि मशीन?”

“आईचं.”

“आणि हे सगळे पुडे?”

“हे आम्ही काकूंना दिलेले. त्यांना नको होते,” ओजस म्हणाला. “त्यांनी दिलेले आम्हाला नको होते. ते आता त्यांच्या दिवाणात आहेत.”

दारातल्या अर्ध्या मंडळानं एकमेकींकडे न बघण्याची कमाल केली. आवटी काकूंचं लक्ष पंख्याकडे गेलं.

“असो, असो,” ललिताताई घाईघाईनं म्हणाल्या. “पण बाळ, हा खोका? हा तर सगळ्यांत आधी जायला हवा. काय ठेवलंय याच्यात?” आणि ओजसला बाजूला करून त्या वाकल्या.

आतून आमची आई त्यांच्याकडे बघत होती. गुडघे पोटाशी घेतलेले, केस मोकळे, मांडीवर टेबलक्लॉथ. मला वाटलं आता ही काहीतरी सावरून घेईल. खोका पुसत होते म्हणेल, कानातलं पडलं होतं म्हणेल. तिनं काही सावरलं नाही. नुसती बसून राहिली.

ललिताताई सरळ झाल्या. त्यांच्या शिबिरात याच्यावर नियम नव्हता. “हे... हे काय आहे?”

“आई आहे,” ओजस म्हणाला. “ती आमची आहे. हिरव्या टबात मावत नाही म्हणून इथं ठेवली.”

कुणी हसलं नाही. बेडकिहाळे काकूंनी पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की दुसऱ्या कशाला, मला समजलं नाही. ललिताताईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि शिट्टीशी चाळा करत त्या निघाल्या. मंडळ त्यांच्या मागून गेलं. फक्त आवटी काकू क्षणभर मागं राहिल्या. त्यांनी खोक्याच्या खिडकीतून आत पाहिलं, आईच्या मांडीवरचा टेबलक्लॉथ पाहिला, त्याच्या कोपऱ्यावरची आपल्या मुलीच्या नावाची अक्षरं पाहिली. मग त्याही गेल्या.

खाली भंगारवाला अजून ओरडत होता. “रिकाम्या हातानं कशाला पाठवायचा,” पप्पा म्हणाले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि त्यांनी व्यायामाची सायकल उचलली. तिच्यावर त्यांनी केलेला तेवढाच व्यायाम.

बक्षीस आवटी काकूंच्या मुलाच्या खोलीला मिळालं. त्यांचा दिवाण आदल्या संध्याकाळीच बराच मोकळा झाला होता, शिवाय खोडरबर होताच. भर हॉलमध्ये त्यांना जो पुडा देण्यात आला त्याचं वेष्टन माझ्या ओळखीचं होतं; कोपऱ्यावर डिंक सांडला होता तो माझ्याच हातून. पण मी गप्प राहिले. आईही गप्प राहिली. त्या संध्याकाळी आवटी काकू आमच्याकडे आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, तो पांढरा टेबलक्लॉथ... माझा आहे तो. द्या की परत.” आईनं तो त्यांना दिला नाही. आधी घरात बोलावलं, लेमन सेटमधून सरबत दिलं, आणि मग दिला.

खोका पुढच्या वर्षापर्यंत टिकला. ओजसचे पाय बाहेर यायला लागले तेव्हा त्यानं स्वतःच तो भंगारात दिला, आणि आईशिवाय कुणाला काही सांगितलं नाही. आता तो बेळगावला असतो, त्याला स्वतःची मुलगी आहे. आहेराची पद्धत आमच्या इमारतीत चालूच राहिली. माणसं एवढ्या लवकर सुधारत नसतात, आणि तसा आग्रहही मी धरत नाही.

गेल्या दिवाळीत मी आईचा दिवाण आवरायला बसले. तिला आता वाकवत नाही. पुडे, चादरी, थर्मास, सगळं होतं तसंच. तळाशी मोरपिशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी सपाट होतं. मी सोडवलं. पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा होता, सुरीनं नीट कापून घेतलेला. त्यावर फुलांची उशी. टाचणीला चिठ्ठी होती, या वेळी आईच्या अक्षरात. ‘ओजस.’

“हे वर्षानुवर्षं पडलंय,” मी म्हणाले. मी उगाचच जरा चिडून बोलले. “कुठल्या टबात टाकू?”

आईनं पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला, कागदाच्या घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि तो परत तळाशी सरकवला.

“मध्ये बोलायचं नाही,” ती म्हणाली. “निर्णय माझा आहे.”